उंबऱ्याबाहेरचा नायक

मोबाइलवर आम्ही छोटासा सिनेमा काढत होतो. नायक आमचा कुत्रा, नायिका घरातली मांजरी. शेवटी तो आजारी मांजरीपाशी घरात येतो, एवढंच हवं होतं. पण तो उंबऱ्याशीच थांबायचा. भाकरी दाखवली तरी पाय आत पडेना. असं का, मला कोडंच पडलं.

बायको हसली. “आवं डायरेक्टर, पिल्लू हुतं तवा आत आलं की काठी कोण उगारायचं?”

मीच. मेंढरांमागचं कुत्रं घरात घ्यायचं नाही, ही आमच्यातली रीत. पण काठी मी नुसती उगारली नव्हती, हे तिलाही ठाऊक नाही.

मग मांजरीलाच बाहेर नेऊन ठेवलं. तो तिला हुंगू लागला. वरून शॉट घ्यायला मी रेकॉर्डिंग चालू असलेल्या मोबाइलचा हात वर केला, तसा तो अंग चोरून मागं सरला.

तेवढं मी सिनेमातून कापलेलं नाही.