जुबेरचा डावा पाय

“डॉक्टर, पूर्ण मॅच नका देऊ. अर्धी द्या.”

रऊफसेठ माझ्या टेबलासमोर ऐसपैस बसले होते आणि भाव करत होते. मालेगावात त्यांचे पॉवरलूम. मोहल्ल्याची फुटबॉल टीमही त्यांचीच. कापडाच्या धंद्यात मुरलेला माणूस. समोरच्यानं ‘नाही’ म्हटलं की आता कुठे बोलणी सुरू झाली, असं ते धरून चालत.

“अर्धी नाही,” मी म्हटलं.

“शेवटची पंधरा मिनिटं?”

“नाही.”

“बरं, चला. नुसती पेनल्टी मारायला उतरवतो. एक लाथ! एका लाथेनं काय होतंय?”

ज्याच्या पायावरून हा सौदा चालला होता तो जुबेर शेजारच्या कॉटवर डावा पाय लांब करून बसला होता आणि पंख्याकडे बघत होता. सेठच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे ज्यानं गोल मारायचे तो, आणि सेठच्याच कारखान्यातला कारागीर. परवाच्या शुक्रवारी फायनल होती. शुक्रवारी मालेगावचे लूम बंद असतात, म्हणून तिथल्या मोठ्या मॅचेसही शुक्रवारीच.

ही दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर माझं छोटं क्लिनिक होतं. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे मी सेठना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. हाड-सांधा डॉक्टरांनी बघितला की पुढे त्याला चालतं-पळतं करायचं काम आमचं. सेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर आहे, डॉक्टर.”

जुबेरचा पाय मॅचमध्ये मुरगळला असता तर मला काही वाटलं नसतं. पण तो मुरगळला लोडशेडिंगमध्ये. लाइट गेली की लूम थांबतात, आणि लूम थांबले की कारागीर गल्लीत बॉल काढतात. हा पठ्ठ्या मोहल्ल्याचा स्टार, चपला घालून खेळत होता. गटाराच्या कडेवर पाऊल पडलं, घोटा आत वळला आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलं. लिगामेंट म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणारी पट्टी. ती पूर्ण तुटली तर माणूस गुपचूप पडून राहतो. अर्धवट फाटली की चार दिवसांत सूज उतरते, माणसाला वाटतं आपण बरे झालो, आणि मग तो माझ्यासारखीच्या डोक्याला ताप होतो.

पहिल्यांदा आला तेव्हा मी सक्त आराम सांगितला. पुढच्या वेळी बघते तर सूज जशीच्या तशी.

“आराम केला नाहीस ना?”

“पूर्ण आराम, मॅडम! बॉलला हातसुद्धा लावला नाही.”

“मग दिवसभर काय करतोस?”

“दिवसभर? कारखान्यात.”

कारखान्यात म्हणजे अख्खी पाळी उभं राहून, फरशीवर या लूमवरून त्या लूमवर येरझाऱ्या. त्याच्या लेखी ते काम होतं, आणि कामाचा पायाशी काय संबंध? पायाचा संबंध फुटबॉलशी. मी कपाळावर हात मारला. मग सेठना फोन करून त्याला उभ्या कामावरून काढून कांडी भरायला, म्हणजे धाग्याच्या रिळांवर, बसवायला लावलं. ते बसून करायचं काम. तिथे मोहल्ल्यातली म्हातारी मंडळी असतात. त्यांनी आठवडाभर याची अशी काही चेष्टा केली की त्याला पायापेक्षा ते जास्त लागलं. पण सूज उतरली.

उतरलेली सूज दाखवायला दोघं आले त्या दिवशी सेठ जिन्यात मोबाइलला रेंज शोधायला गेले असताना जुबेरनं मला दुसरी गोष्ट सांगितली. फायनलनंतर पंधरवड्यानं नाशिकला एका सरकारी खात्याच्या टीमची ट्रायल होती. निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. पक्की नोकरी. आणि वयाच्या अटीत तो यंदा शेवटचा बसत होता.

“पुढच्या वर्षी नाही, मॅडम. हे शेवटचं. नाहीतर मग आयुष्यभर लूम आहेच.”

“सेठना माहीत आहे?”

“माहीत आहे. पण फायनल खेळणार नाही असं त्यांना कसं म्हणू? माझे बूट त्यांनी दिले, काम त्यांनी दिलं. दोन्ही खेळतो ना, मॅडम. खरंच दुखत नाही.”

मला तो पोरगा आवडला होता, हे मी लपवत नाही. म्हणूनच जास्त राग येत होता.

तर आता पुन्हा त्या सौद्याकडे. सेठनी पेनल्टीवर जोर धरला.

“आणि मला हे सांगा, हा उजव्या पायानं मारतो. दुखतोय डावा. मग अडचण कुठे आहे?”

“सेठ, उभे राहा.”

सेठ उठले. त्यांना उठायला वेळ लागतो.

“आता उजव्या पायानं लाथ मारल्यासारखं करा.”

त्यांनी पाय उचलला, डुलले, आणि माझं टेबल धरलं.

“शरीर कशावर होतं?”

“…डाव्यावर.”

“झालं तर मग.”

“पण त्याला दुखतच नाही! विचारा त्याला.”

“बिलकुल नाही,” जुबेर पंख्याला म्हणाला.

“मग एक इंजेक्शन ठोका की वरून,” सेठ म्हणाले. “खात्रीसाठी.”

“तुमच्या कारखान्यात फ्यूज उडायला लागला तर तुम्ही जाड तार घालून लूम चालवता का?”

आता सेठही पंख्याकडे बघू लागले. चालवत असावेत.

दुखतं का, या प्रश्नाला आमच्या धंद्यात फारशी किंमत नसते. ज्याला रजा हवी त्याचं न दुखणारंही दुखतं आणि ज्याला खेळायचंय त्याचं तुटलेलंही दुखत नाही. म्हणून आम्ही टेस्ट घेतो. एका पायावर उभं राहणं, एका पायावर उड्या, इंग्रजी आठच्या आकड्यात पळणं. जुबेरनं क्लिनिकमधल्या सगळ्या टेस्ट हसतमुखानं केल्या. जरा जास्तच हसतमुखानं. माझ्या हातात पकडण्यासारखं काही नव्हतं, नुसता संशय होता. संशयावर कुणाची फायनल बुडवायची?

तेवढ्यात सेठनी घड्याळ बघितलं. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजची वेळ झाली होती. “डॉक्टर, जरा जागा मिळेल?”

व्यायामाच्या हॉलमध्ये मी दोन चटया टाकून दिल्या, दिशा त्यांची त्यांनी ठरवली, आणि मी दाराशी माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मुद्दाम बघायचं असं काही मनात नव्हतं. पण पंधरा-वीस वर्षं लोकांचं उठणं-बसणं बघून पोट भरणाऱ्या बाईच्या नजरेला सुट्टी नसते.

नमाजमध्ये पुरुष बसतात तेव्हा डावं पाऊल आडवं पाडून त्याच्यावर बसतात आणि उजवं उभं ठेवतात. आडव्या पाडलेल्या त्या पावलावर अंगाचा भार आला की घोट्याची बाहेरची बाजू ताणली जाते. नेमकी जुबेरची फाटलेली पट्टी. सेठ एवढ्या वजनाचे, पण व्यवस्थित बसले. जुबेरनं मात्र डावं पाऊल हळूच कडेला काढलं आणि भार उजव्या कुशीवर घेतला. हे त्याला कळलंसुद्धा नसावं. तो प्रार्थनेत होता, टेस्ट देत नव्हता.

ते दोघं परत येऊन बसले. मी चहा मागवला.

“जुबेर, दुखत नाही ना?”

“बिलकुल नाही, मॅडम.”

“मग पावलावर का नाही बसलास?”

त्यानं आपल्या पायाकडे असं बघितलं की जणू त्यानं चुगली केली होती. मग मान खाली घातली. दुखत असेल तर कसंही बसायची मुभा असते, हे त्यानंच मला पुटपुटत सांगितलं.

“सेठ, तुम्ही तर खांद्याला खांदा लावून होतात. तुम्हाला दिसलं नाही?”

“नमाजमध्ये बाजूवाल्याकडे बघत नसतात, डॉक्टर,” सेठ गंभीरपणे म्हणाले.

“मी नमाजमध्ये नव्हते,” मी म्हटलं. “फायनल नाही. पेनल्टीसुद्धा नाही.”

सेठ चहा संपवून उठले. जाताना दारात म्हणाले, “हरलो तर तुमचं नाव सांगेन.”

टीम हरली नाही. जिंकली. समोरच्या टीमच्या बॅकनं, म्हणजे बचाव करणाऱ्यानं, गडबडीत स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घातला. सेठनी फोनवर मला हे आपल्या डावपेचाचं यश म्हणून सांगितलं. जुबेर मात्र पुढच्या वेळी आला तो तोंड पाडून.

“माझ्याशिवाय जिंकले, मॅडम.”

“मग काय, हरायला हवे होते?”

“खरं सांगू? थोडं.”

मी हसून हसून बेजार झाले. शेवटी तोही हसला.

पण खरा पेच पुढेच होता. घोट्यात ताकद येणं एक आणि भान येणं दुसरं. पाऊल वाकडं पडतंय हे मेंदूच्या आधी पायाला कळावं लागतं, आणि दुखापतीनंतर पाय तेच विसरतो. त्यासाठी डगडगणाऱ्या फळीवर उभं राहायचं, डोळे मिटून एका पायावर तोल सांभाळायचा, असले कंटाळवाणे व्यायाम. घरी जुबेरनं ते इमानेइतबारे केले. गल्लीतल्या लोकांना वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.

ट्रायलच्या आदल्या दिवशी मी त्याला सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर पळवलं. सरळ धाव उत्तम. उड्या उत्तम. आठचा आकडा उत्तम. पण जोरात पळता पळता एकदम वळायचं, तेव्हा पहिल्या दोनदा तो किंचित अडखळला. नंतर नाही. ते अडखळणं घोट्याचं होतं की भीतीचं? भीतीचं असेल तर पाठवायला हवा. घोट्याचं असेल आणि मी पाठवला, तर पट्टी पुरती तुटणार आणि नोकरीही जाणार. रोखला, तर नोकरी नक्कीच जाणार. फायनलला ‘नाही’ म्हणताना अशी दोन्हीकडून कोंडी झाली नव्हती.

दुपारी सेठ त्याला न्यायला क्लिनिकवर आले. आणि काय सांगू, माणूस साफ बदललेला.

“डॉक्टर, माझं ऐका. पाय कच्चा आहे.”

“काय?”

“कच्चाच आहे. मी रोज बघतो. असा पाय घेऊन ट्रायलला पाठवू नका. पोराचं नुकसान होईल.”

“सेठ, पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही याला फायनल खेळवत होतात.”

“तेव्हा मला समज नव्हती. तुम्हीच दिली.”

निवड झाली की सेठचा सेंटर फॉरवर्ड जाणार आणि कारागीरही जाणार, एवढा साधा हिशेब होता. मला हसावं की ओरडावं कळेना. आज जुबेरनं पंख्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत राहिला.

असरची वेळ झाली. सेठनी जागा मागायच्या आत मी चटया टाकल्या. या वेळी मात्र मुद्दाम बघितलं, उगीच खोटं कशाला बोलू? जुबेर बसला. डावं पाऊल आडवं पडलं, अंगाचा सगळा भार त्यावर आला, आणि तो तसाच शांत बसून राहिला. कड बदलली नाही. घोट्याला आता जपायची गरज वाटत नव्हती. मैदानावर अडखळली ती भीती होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “जुबेर, उद्या पट्टी बांधून खेळायचं. माझी परवानगी आहे.”

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“सेठ, पाय कच्चा आहे म्हणत होतात ना? आता शेजारीच तर बसला होता.”

“मी सांगितलं ना, डॉक्टर,” सेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाजूवाल्याकडे बघत नसतात.” मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, “पण आज बघितलं. बसला बरोबर.”

दुसऱ्या दिवशी त्याला ट्रायलला घेऊन आली ती सेठचीच जीप. मी घोट्याला पट्टी बांधली, तेव्हा सेठ पाय धरून बसले होते. मग आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहिलो. सेठ सारखे ओरडून सूचना देत होते आणि त्यातली एकही कुणी ऐकत नव्हतं. बऱ्याच वेळानं जुबेरला बॉल मिळाला. तो जोरात पळाला, एकदम वळला, डावा पाय रोवला आणि उजव्यानं मारला. सेठनी माझं मनगट घट्ट धरलं. डावा पाय जागचा हलला नाही.

टाळ्या पडल्या, तेव्हा आम्हाला कळलं की गोल झाला. बॉल कुठे गेला ते आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं.

त्याची निवड झाली. ‘नाही’ म्हणणारा माणूस आमच्या धंद्यात कधी चुकत नाही, कारण न खेळलेल्या मॅचमध्ये कुणाचा पाय मोडत नाही. शिक्षण लागतं ते ‘हो’ म्हणायला. सेठ पुढच्या वर्षी नवा सेंटर फॉरवर्ड घेऊन आले, गुडघा सुजलेला. खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, “डॉक्टर, याला अर्धी मॅच द्या. आणि हा मात्र जास्त पक्का करू नका.”