मुम्मू कानाने बघते

ट्रेम्बाथबाईचं काहीतरी शिजतंय, याबद्दल आयली कांगसला तिळमात्र शंका नव्हती. बालवर्गाची ही नवी बाई आठवडाभर पोरांना घेऊन शाळेच्या कोपऱ्यावर यायची आणि नुसतं बघायला लावायची. बघा आणि सांगा. अरे, हा काय अभ्यास झाला?

"आपल्या गल्लीतली माणसं आपल्यासाठी काय करतात ते ओळखायचंय," बाई गोड हसून म्हणाली. "पोस्टमन झाला, पाववाला झाला. आता मुम्मू!"

मुम्मू म्हणजे फिनिश लोकांची आजी, आणि तांब्याच्या खाणी बंद पडलेल्या त्या गावात सगळ्या पोरांची मुम्मू एकच, ती आयली. हातात 'थांबा'ची लाल पाटी धरून ती पोरांना रस्ता ओलांडून द्यायची. "हात सोडायचा नाही हं!" हे तिचं पालुपद. आता जी पोरं येत होती, त्यांच्या आयांनाही तिनेच पलीकडे नेलं होतं. अहो, ही ट्रेम्बाथबाईसुद्धा तिचाच हात धरून शाळेत गेलेली, शेंबडी होती तेव्हा!

आणि आता तीच आपल्यावर पाळत ठेवते? आयलीच्या मनात पाल चुकचुकली ती उगाच नाही. चोराच्या मनात चांदणं. उन्हाळ्यापासून तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग आला होता. कडेचं दिसे, समोरचं गडप. समोरून येणारी गाडी त्या डागात शिरली की संपलीच. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की पाटी जाणार, मग दिवसभर घरात बसून कॉफीत टोस्ट बुडवायचे. त्यापेक्षा मरण बरं! म्हणून डोळ्यांचं काम तिने कानांवर टाकलं होतं. गाडीची घरघर आली की थांबायचं, नाही आली की उतरायचं. आजवर निभावलं होतं.

गुरुवारी बाईने विचारलं, "मुम्मू रस्त्यावर उतरायच्या आधी काय करते?"

"पाटी वर करते!"

"नाक पुसते!" पोरं खिदळली.

पुढचे दात पडलेली ओपल मात्र हसली नाही. "मुम्मू कानाने बघते," ती म्हणाली आणि मान वाकडी करून, कान रस्त्याकडे लावून तिने हुबेहूब आयली करून दाखवली.

"शाब्बास! किती बारकाईने पाहिलंस!" बाईने टाळ्या वाजवल्या.

"कार्टे, बघायचंय तर रस्त्याकडे बघ!" आयली खेकसली. ओपलचा चेहरा रडवेला झाला. आयलीला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला तो बाईचा. लहान तोंडातून बरोबर काढून घेतलंन सटवीने! आता शाळेतून बोलावणं येणार, हे ती धरूनच चालली.

बोलावणं आलं नाही. आला तो बर्फ, त्या हिवाळ्यातला पहिला.

शुक्रवारी सकाळी रस्ता वीतभर कापसाखाली गेला होता. आयलीने ओपलचा हात धरला, मागे पोरांची रांग, शेवटी ट्रेम्बाथबाई. तिने कान लावला. काहीच नाही. सगळं गाव मुकं झालेलं. रस्ता मोकळा आहे की बर्फाने आवाज गिळलाय? तिने पाऊल उचललं आणि तसंच मागे घेतलं. हातात पोर होतं.

"ओपल," ती हळूच म्हणाली, "गाडी आहे का गं?"

"आहे की. पांढरी. येतेय."

पुढच्याच क्षणी काहीतरी थंडगार तिच्या कोटाला वारा घालून निघून गेलं. तिला चाहूलसुद्धा लागली नव्हती.

तिने मागे वळून पाटी बाईच्या हातात कोंबली. "घे! हीच पाहिजे होती ना? कुणी पाठवलं होतं तुला माझ्यावर?"

"पाठवलं? मला?" बाई गोंधळली. "मुम्मू, काय झालं? बरं नाही का?"

त्या आवाजात खोट नव्हती. बिचारीला खरंच काही ठाऊक नव्हतं.

"मला दिसत नाही गं," आयली म्हणाली. "ही पोरगी काल सांगत होती, आणि तू टाळ्या वाजवत होतीस. पोरांना बघायला शिकवतेस, तू कधी शिकणार?"

बाईचे डोळे भरून आले. ती रस्त्यात उतरली आणि तिने पाटी वर धरली. आयली पोरांच्या रांगेत उभी राहिली. ओपलने तिचा हात घट्ट पकडला.

"चल मुम्मू," ती म्हणाली. "हात सोडायचा नाही हं."