बाबांची गुरगुर

शाळेच्या पुस्तकात 'गुरगुरणे' हा शब्द कुत्र्याच्या आणि वाघाच्या नावावर लावलेला होता. अंगावर येण्याआधी जनावर घशातल्या घशात जो आवाज काढतं ती गुरगुर, असं आमच्या बाई सांगत. मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, यांनी एकदा आमच्या घरी येऊन पाहावं. आमच्याकडे वाघ नव्हता, कुत्राही नव्हता. दिवसभर गुरगुरायचे ते बाबा.

बाबा हातमागावर साड्या विणायचे. माग पुढच्या खोलीत होता, खाली खड्डा, त्यात पाय सोडून ते बसायचे. ताण्यातला उभा धागा तुटला की त्याचं एक टोक ओठांत धरायचं, दुसरं शोधायचं आणि गाठ मारायची. सूत बारीक, सारखं तुटायचं. तोंड उघडलं की टोक निसटणार, म्हणून जे सांगायचं ते घशातून. आखूड गुरगुर म्हणजे सुताची कांडी दे. लांबलचक म्हणजे दारातून सरक, उजेड अडतो. चहाची वेगळी होती. खऱ्या रागाचीही एक होती आणि तीही वरचेवर ऐकू यायची, कारण बाबा चांगलेच तापट होते. पण कुठली कोणती, हे आम्हाला बरोबर कळायचं. नव्या माणसाची मात्र घाबरगुंडी उडायची. मग आई चुलीपासून ओरडायची, "भेऊ नका जी, तोंडात धागा हाये त्यांच्या!"

आलेल्या माणसाशी बोलायचं तर बाबा धागा तोंडातून काढून बोलायचे. गुरगुर फक्त घरच्यांसाठी होती. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसवायच्या कांड्या सुताने भरणं माझं काम, त्यामुळे सगळ्यात जास्त गुरगुर माझ्या वाट्याला यायची. मला ती आवडायची. हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण आवडायची.

एका दिवाळीच्या तोंडावर माझा भाऊ तापाने पडला आणि एरवी तो न्यायचा ते साड्यांचं गाठोडं माझ्या डोक्यावर आलं. मी अकरा-बारा वर्षांची असेन. बाबांच्या मागे मागे, हातगाड्या चुकवत इतवारीच्या बाजारात, आमच्या साड्या घेणाऱ्या शेठच्या दुकानी गेले. बाबांनी चपला खाली काढल्या आणि गादीपासून जरा लांबच उभे राहिले. शेठने एक साडी उलगडली, काठावरून अंगठा फिरवला आणि गुरगुरला. अगदी पुस्तकातल्यासारखा. त्याच्या तोंडात धागा नव्हता, पान होतं.

"काठ पाहून राहिला का? आंधया झाला का तू?"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. काठात काहीही खोट नव्हती. ती साडी विणली जाताना मी शेजारी बसलेली होते, मला माहीत होतं. आता बाबा गुरगुरणार, ती खरी रागाची ऐकवणार, म्हणून मी बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"हो जी शेठ," बाबा म्हणाले. "चुकलं माहं. पुढच्या टायमाले नाही होणार."

आणि हसले. हात जोडून, सगळे दात दाखवून. असं हसणं मी घरात कधी पाहिलं नव्हतं. शेठने साडी त्यांच्या अंगावर भिरकावली. बाबांनी ती वाकून उचलली, नीट घडी घालून परत गादीवर ठेवली आणि पुन्हा हसले. मला माझ्या बापाची लाज वाटली. मी पाठ फिरवली आणि समोरच्या दुकानातली पितळेची भांडी पाहायला लागले, जसं काही मी दुसऱ्याच कुणाबरोबर आले होते. परत वळले तेव्हा बाबा शेठकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर ते हसू अजून तसंच होतं.

शेठने शेवटी साड्या सगळ्या ठेवून घेतल्या. येताना बाबांनी न मागता मला पेरू घेऊन दिला. तो मी तसाच घरी आणला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मागाजवळ बसले. धागा तुटला, बाबांनी टोक ओठांत धरलं. धोट्यातलं सूतही संपलेलं, म्हणून मी कांडी उचलून गुरगुर यायची वाट पाहत राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, टोक ओठांतून सोडलं आणि इतवारीतलंच ते हसू हसले.

"कांडी देतं का माय जरा?"

तेव्हापासून ते माझ्यावर कधी गुरगुरले नाहीत. आईवर गुरगुरत, भावावर गुरगुरत, माझ्याशी बोलायचं आलं की धागा तोंडातून बाहेर. आईला त्याचं कौतुक. "पोरगी मोठी झाली, मान देऊन राहिले तिले," ती शेजारणींना सांगायची आणि मी जमिनीत गडप व्हायला पाहायचे. कधी कधी मी मुद्दाम दारात उजेड अडवून बसायचे. बाबा मान तिरकी करून, डोळे बारीक करून, तसंच विणत राहायचे, पण मला सरक म्हणायचे नाहीत.

पुढे भाऊ कोराडीला वीजकेंद्रात लागला, माझं लग्न झालं, माग मात्र बाबांनी सोडला नाही. एका उन्हाळ्यात माहेरी आले होते. माझी चार वर्षांची पोर बाहुली घेऊन थेट दारातच बसली. मागावरून लांबलचक गुरगुर आली. पोर जराही घाबरली नाही. खुदकन हसली, बाहुली उचलली आणि बाजूला सरकली.

मी आतून उठले आणि तिच्या जागी, दारात जाऊन बसले. साडीवर माझी सावली पडली. माग थांबला.

बाबांनी तोंडातला धागा काढला. "इकडे बस ना माय," ते हसून म्हणाले, "थांब, चटई टाकून देतो."