पूर्वेची बिनझरोक्याची भिंत

अकोल्यात बंडीतून उतरलो तर समोर माझंच गोदाम. तेच दार, तेच झरोके. फक्त ते मी बांधलेलं नव्हतं.

त्या वर्षांत विलायतेला कापूस पुरत नव्हता आणि वऱ्हाडात जो तो गोदाम बांधायला निघाला होता. सरकारी इंजिनेर साहेबाच्या हाताखालची नकाशे काढायची नोकरी सोडून मी अमरावतीला स्वतःचं काम मांडलं. सोबत दोन गवंडी आणि महादू सुतार. पहिलं गोदाम लक्ष्मणशेटचं केलं. आपल्या साडूचं, म्हणजे गोविंदशेटचं अकोल्याचं काम मला देण्याचा त्यांनी शब्द दिला होता. त्या शब्दावर आम्ही चौघं दुसरं काम न घेता बसलो. आणि शेटनी काय केलं? माझा नकाशा साडूला देऊन टाकला. बांधायला गावातलाच गवंडी.

कापूस कोंडला की खराब होतो, म्हणून गोदामाला उंचावर झरोके ठेवतात. अमरावतीला पूर्वेच्या अंगाला लोहाराची भट्टी होती. ठिणगी आत जाऊ नये म्हणून ती भिंत मी बंद ठेवली आणि झरोके पश्चिमेला काढले. इथल्या गवंड्यानं नकाशा जसाच्या तसा उतरवला होता. पूर्वेला मोकळं रान, तिकडे भिंत बंद. लोहार पश्चिमेला, आणि झरोके नेमके त्याच्या भट्टीवर.

राग गिळून गोविंदशेटना म्हटलं, "शेट, कापूस भरायच्या आधी हे झरोके बुजवा. पूर्वेला नवे पाडा."

"काहून? अमरावतीचं गोदाम तुमीच बांधलं ना? दोन हंगाम झाले, मस्त उभं हाये."

"तिथं भट्टी दुसऱ्या बाजूला आहे."

"काम भेटलं नाई म्हणून खोट काढून राहिले, मिस्त्री. मले समजत नाई का?"

चार माणसं हसली. मी तडक बंडीत बसलो. निदान लोहाराला तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. जळो मेलं, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू?

चैत्रात वारा सुटला आणि गोदाम पेटलं. माणूस कोणी गेला नाही, कापूस मात्र सगळा गेला.

तोवर माझं नाव अकोल्यात कोणाला ठाऊक नव्हतं. आता गोविंदशेट बाजारभर सांगत सुटले, "नकाशा अमरावतीच्या मिस्त्रीचा व्हता!" लक्ष्मणशेटना गाठलं, म्हटलं, खरं काय ते तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, "घरातली गोष्ट हाये, मिस्त्री. मले त्यात नोका पाडू."

त्यानंतर कोणी आम्हाला साधी पडवीही सांगितली नाही. गवंडी पोटामागे गेले. महादू शेवटपर्यंत थांबला, मग मीच त्याला जा म्हटलं. साहेबानं मला परत घेतलं, जुन्याच जागेवर, कमी पगारावर.

आता नकाशाच्या चारी बाजूंना शेजारी काय आहे ते मी लिहून ठेवतो. खाली सही साहेबाची असते.