चार वाजताचा निरोप
अद्रकाच्या चहाचा वास आला की भंवरकुआं भागातलं आमचं जुनं सॉफ्टवेअरचं ऑफिस आठवतं. तिथे रोज चार वाजता माझ्या वरिष्ठ सरांच्या स्क्रीनवर ‘चल भिया, चहा’ उमटायचं. तो छोटासा प्रोग्राम त्यांच्या वारलेल्या मित्राने बनवला होता. एकदा मी आमच्या लायब्ररीतलं, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक कोडमधलं, एक जुनं फंक्शन बेकार समजून काढून टाकलं. सरांचा प्रोग्राम त्याच्यावरच चालायचा; त्या दिवशी चार वाजता स्क्रीन कोरीच राहिली. “सर, मूळ कोडवरून नव्या लायब्ररीसाठी प्रोग्राम परत कंपाइल करून घ्या ना,” मी सहज म्हटलं. “कशावरून करू? कोड त्याच्याजवळच होता. माझ्याजवळ बस ही तयार चालणारी फाइल आहे,” सर म्हणाले. मी फंक्शन तेव्हाच परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आणि सर नेहमीसारखे उठून एकटेच चहाला गेले. आता सरही नाहीत. ते फंक्शन कोणीच वापरत नाही, तरी प्रत्येक नव्या आवृत्तीत मी ते राहू देतो.