वेळेआधी पोचणारे सर

आमच्या इंग्रजीच्या सरांइतका निराश माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका लवकर पोचणारा तर मुळीच नाही. लग्नाला ते मांडववाल्याच्या बांबूंबरोबरच यायचे. माझ्या लग्नात तर इतक्या लवकर आले, की माझ्या सासऱ्यांनी त्यांना मांडववाल्याचाच माणूस समजून खुर्च्या पुसायला लावल्या. सरांनी मुकाट पुसल्या आणि मला म्हणाले, "लवकर आलेल्याले निदान काम तरी भेटते. उशिरा आलेल्याले काय भेटते?" तुमसरच्या एसटीसाठी ते स्टँडवर एवढे आधी जाऊन बसत, की कंटाळून घरी परत येत आणि एसटी मागाहून येऊन निघून जाई. मग दिवसभर चेहरा उतरलेला. "सुटली ना! मले माहीतच होतं."

याचं मूळ त्यांच्या व्याकरणात आहे, अशी आम्हा विद्यार्थ्यांची समजूत होती. आंधळगावच्या शाळेत सरांनी हयात घालवली ती पास्ट परफेक्ट शिकवण्यात. बाकीचे काळ त्यांना किरकोळ वाटत. "एक गोष्ट घडली, अन् तिच्या आधीच दुसरी घडून गेली होती, हे ज्याले समजलं त्याले जिंदगी समजली!" ऑलरेडी, जस्ट, नेव्हर हे शब्द हॅडच्या पाठीला लागूनच बसले पाहिजेत. आम्ही विणकरांची आणि धानवाल्यांची पोरं ते वाक्यात कुठंही ढकलून द्यायचो, आणि सर डोकं धरून खुर्चीत बसायचे. त्यांची उदाहरणं तरी कशी! आपण पोचतो तेव्हा बाजार ऑलरेडी उठलेला असतो, आपण जागे होतो तेव्हा रानडुकरांनी धान जस्ट तुडवलेलं असतं. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, कोनी टायमावर पोचतच नाही का जी?" सर फळ्याकडे बघत म्हणाले, "पोचला असता तं हॅड कायले लागलं असतं रे?"

त्यांचं लाडकं वाक्य एकच. व्हेन आय रीच्ड सिहोरा, माय सिस्टर हॅड ऑलरेडी पुट आउट द लॅम्प. मी सिहोऱ्याला पोचलो, तेव्हा बहिणीनं दिवा आधीच विझवला होता. गावात आजही कुणालाही झोपेतून उठवा, तो हे वाक्य घडाघडा म्हणून दाखवील. दिवा कसला आणि विझवला का, हे मात्र एकानंही कधी विचारलं नाही. आम्हाला मार्कांशी मतलब.

ते वाक्य खरं होतं, हे मला गेल्या दिवाळीत कळलं. सर माझ्या कोसा रेशमाच्या कापडाच्या दुकानात बसले होते आणि सिहोऱ्याहून भाच्याचा फोन आला. "मामाजी, या भाऊबीजेले याच. आईची तब्येत बरी नाही." फोन ठेवून सरांनी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तरुणपणी एका भाऊबीजेला एसटी वाटेत बंद पडली. सर पोचेपर्यंत बहिणीनं मुहूर्त टळू नये म्हणून चुलतभावाला ओवाळून दिवा शांत केला होता. "थांबली नाही थे," असं म्हणून सर दारातूनच फिरले, ते पुन्हा गेलेच नाहीत. बहीण दर वर्षी निरोप धाडायची, आणि सर दर वर्षी फळ्यावर ते वाक्य लिहायचे. एवढ्याशा कारणावरून सख्ख्या बहिणीशी जन्माचा अबोला! मला त्यांचा असा संताप आला, की सांगता सोय नाही.

"आता काहून जाऊ?" सर म्हणाले. भाऊबीजेच्या सकाळी मी सरळ गाडी काढली.

अर्थात आम्ही लवकरच पोचलो. भाऊबीजेला भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतले पाळणेसुद्धा अजून उभे राहिले नव्हते. घरात पाट मांडलेला होता, दिवा तेवत होता, शेजारी थकलेली बहीण बसली होती. सरांच्या चेहऱ्यावर मी जन्मात पहिल्यांदा आनंद पाहिला. टोपी नीट करून ते पाटावर बसले. बहिणीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"उठा जी तुमी. हा पाट माह्या भावाचा हाये. थो येऊनच राहिला."

भाच्यानं मान खाली घातली. "आई आता मानसं विसरली मामाजी," तो पुटपुटला. मी काही बोलणार, तोच सरांनी माझा हात दाबला. ते उठले आणि पाटाशेजारी जमिनीवर बसले. त्यांच्याकडे बघण्याचा मला धीर होईना.

"येऊ दे बाई," ते म्हणाले. "आपुन वाट पाहू त्याची."

"टायमाचा पक्का नाही थो," बहीण म्हणाली. "पन मी दिवा इझवत नाही. मांगं एकदा इझवला, तं लय रागावला बापा."

सरांनी तेलाची बुदली मागितली आणि दिव्यात तेल घातलं.

तेव्हापासून ते दर रविवारी सिहोऱ्याला जातात. स्टँडवर अजूनही फार आधी जाऊन बसतात, पण आता एसटी येईपर्यंत उठत नाहीत. तिथं तो पाट रोज मांडलेला असतो. सर शेजारी बसून दिव्यात तेल घालतात. मधूनच बहीण विचारते, "आला का जी माहा भाऊ?"

"नाही आला बाई अजून," सर सांगतात. "पन निघाला हाये."