गोऱ्याचं पान

देवबागच्या आमच्या घरी पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी कावळ्यासाठी एक पान जास्तीचं वाढतात. ते एका ऑस्ट्रेलियन सैनिकाचं. लग्न होऊन आले त्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं, हे कोणाचं? त्या वडे तळत होत्या. "गोऱ्याचा," म्हणाल्या आणि पुढचा वडा तेलात सोडला.

आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात होते. गोरा तिकडेच मेला. त्याचं गोत्र कोणाला माहीत नव्हतं. भटजींनी दोनदा हरकत घेतली आणि दोन्ही वेळा पोटभर जेवून गेले.

आमचे कावळे किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यातली तारली मासळी खाऊन माजलेले. तरी घरच्या पितरांची पानं ते उचलायचे, गोऱ्याच्या पानाकडे मात्र ढुंकून बघायचे नाहीत. मग आजेसासरे अंगणात हात जोडून उभे राहायचे. "सांगतंय रे, तुझ्या आवशीक सांगतंय." जरा वेळाने कावळा यायचा. आईला कळवायचा शब्द दिला म्हणून शिवला, असं घरात सगळे म्हणत. माझ्या मते कावळ्याला तेवढी भूक लागायला वेळ लागत असे, पण नव्या सुनेचं मत कोण विचारतो?

अंथरुणाला खिळल्यावर आजेसासऱ्यांनी एक दिवस मला हाक मारली. घरात बी.ए. मी एकटीच. उशाच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी गोऱ्याला आलेल्या पत्राचं एक मळकं पाकीट काढलं. मागे गोऱ्याच्या आईचा पत्ता होता. मग त्यांनी सगळं सांगितलं. खंदकात गोऱ्याच्या पोटाला गोळी लागली. दोघंच होते, डोकं वर काढायची सोय नव्हती. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. संध्याकाळी मागे फिरायचा हुकूम आला.

"तेका थंयच टाकून मी इलंय. जितो होतो गो तो," ते म्हणाले. "ता लिव तेच्या आवशीक. जितो होतो."

पंधरा दिवसांनी ते गेले. मी पत्र लिहिलं नाही. बाळंतपण होतं, मग पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या, मग गिऱ्हाईकं यायला लागली. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. ते शेवटचं वाक्य एका आईला लिहायला माझा हात धजत नव्हता. दरम्यान दर म्हाळाला नवरा कावळ्याला सांगत राहिला, "आमची बायल लिवतली रे." मला न विचारता, माझ्या नावाने. तीस वर्षं कावळ्याने त्याच्यावर विश्वास ठेवला.

गेल्या वर्षी कावळा आला नाही. तीन वाजले, पाहुणे ताटकळले, वडे चामट झाले. नवरा म्हणाला, "आता तूच सांग काय ता." मी अंगणात उभी राहिले. लिहिते, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून शब्द फुटेना. मला माझीच भयंकर लाज वाटली. शेवटी दर्भाचा कावळा करून पानाला लावला आणि लोक जेवले. दुसऱ्या दिवशी मी त्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या. तुमच्या माणसाबद्दल थोडं ठाऊक आहे, हा माझा फोन नंबर.

दीड महिन्याने व्हिडिओ कॉल आला. पत्ता एका शेताचा होता, तिथे अजून तेच कुटुंब राहतं. आई कधीच वारली होती. फोनवर त्याची धाकटी बहीण होती, नव्वदीच्या पुढची, शेजारी तिची नात. घरी तेव्हा फक्त 'बेपत्ता' अशी तार आली होती. आईने मरेपर्यंत फाटकाला कुलूप लावू दिलं नाही, असं ती म्हणाली.

मी खंदकाचं सांगितलं. दिवसभर आजेसासऱ्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते आमच्या मालवणीत बोलत राहिले होते, हेही.

"काय बोलत होते?" तिने विचारलं.

"मी हंयच आसंय रे, खंयच जाणंय नाय." मी अर्थही सांगितला: मी इथेच आहे, कुठेही जात नाही.

ती जरा हसली. "म्हणजे शेवटपर्यंत तो एकटा नव्हता."

हो म्हटलं असतं तर कॉल तिथेच सुखाने संपला असता. नव्वदीच्या बाईला आता आणखी काय सांगायचं, असं मनात आलंही.

"नाही," मी म्हणाले. "संध्याकाळी हुकूम आला. त्याला ठेवून ते निघाले. तेव्हा तो जिवंत होता."

नातीने माझ्याकडे असं बघितलं की फोन बंद करावासा वाटला. पलीकडे कुठेतरी कुत्रा भुंकत होता.

"ते वाक्य पुन्हा म्हण," म्हातारी म्हणाली. "तुमच्या भाषेत."

मी म्हटलं. तिने मान हलवली, आणि आणखी एकदा म्हणायला सांगितलं.